बिनस्टेपनीची गाडी

शनिवारी दुपारी बाबांनी माझ्या धाकट्या भावाच्या, तेजसच्या, नव्या गाडीभोवती एक सावकाश चक्कर मारली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "स्टेपनी कुठंय?" कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती गाडी इतकी खाली बसलेली होती, की शेजारच्या साध्या मोटारी तिच्यापुढे उगीचच उभ्या राहिल्यासारख्या वाटत होत्या. तेजसनं किल्लीचं बटण दाबलं, पुढचं झाकण उघडलं. आत इंजिन नव्हतं. एक खोलगट जागा होती, भाजीच्या दोन पिशव्या मावतील एवढी. "हिचं इंजिन मागे असतं," तेजस म्हणाला. "म्हणजे आमच्या स्कूटरसारखं," बाबा म्हणाले. "बरं, स्टेपनी?" "नसते, बाबा." "नसते म्हणजे? हरवली?" "अहो, हाय परफॉर्मन्स गाड्यांना देतच नाहीत. वजन वाढतं, बॅलन्स बिघडतो." "आणि पंक्चर झाली तर?" "फोमची बाटली असते, ती आत मारायची. नाहीच जमलं तर फोन करायचा. ते लोक येऊन गाडी उचलून नेतात." मी जिन्याच्या पायरीवर बसून भाजलेल्या शेंगा खात होते. बाबांनी माझ्या हातातल्या चार शेंगा उचलल्या. "ऐकलंस का नमू, एवढी पळणारी गाडी, आणि अडली की पळायचं ते दुसऱ्यानं." तेजस हसला, मी हसले. वरच्या गॅलरीतून आईनं विचारलं, "चहा टाकतेय. त्या गाडीलाही लागेल का?" आमच्या घरातली ही शेवटची साधी दुपार. दुसऱ्या दिवशी, रविवारी, याच गाडीतून आम्ही तिघं उरुळीला बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मळ्यावर हुरडा खायला निघालो. लोणी काळभोरच्या थोडं पुढे गाडीचा टायर फाटला, तिथेच बाबांच्या छातीत दुखायला लागलं, आणि हडपसरच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत ते गेले.

हे मी इतक्या सरळ लिहिते आहे, कारण तेव्हापासून मी ते फार वाकड्या रूपात ऐकते आहे. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "इतका वेळ कुठे होता?" तेजस म्हणाला, "गाडी पंक्चर झाली." डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. पंक्चर म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. ते सगळ्यांचंच होतं. त्यात कोणाचा दोष नसतो, खिळ्याचासुद्धा नसतो. बाबांना घेऊन आम्ही घरी पोचलो तेव्हा ती गाडी आमच्या आधी येऊन बसली होती. रविवारी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये उतरवून घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून त्या उचलून नेणाऱ्या लोकांनी ती आमच्याच पार्किंगमध्ये आणून ठेवली होती, फाटलेल्या चाकावर तिरकी, फाटकाच्या अगदी तोंडाशी. रुग्णवाहिका आत वळेना. सोसायटीतली माणसं पुढे झाली, हात करकरून ड्रायव्हरला दिशा दाखवू लागली. "जपून, जपून, घासेल," कोणीतरी म्हणालं. मला क्षणभर वाटलं, बाबांबद्दलच म्हणतायत.

मग माणसं समाचाराला यायला लागली. आमच्याकडे अशा वेळी दारात कोणी 'या' म्हणत नाही आणि जाणारा 'येतो' म्हणत नाही. येणारा चपला काढतो, सतरंजीवर बसतो, फोटोकडे बघतो, आणि थोडा वेळ गप्प राहून एकच प्रश्न विचारतो, "कसं झालं?" त्याचं उत्तर घरातल्या पुरुषानं द्यायचं असतं. मी थोरली, आईबाबांबरोबर राहणारी मी, त्या गाडीच्या मागच्या नावापुरत्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली मी; पण प्रश्न तेजसला विचारला जायचा. पहिल्या दिवशी त्याला बोलवेना. 'पंक्चर' आणि 'बाबा' एवढेच शब्द निघाले, आणि तेव्हा मला त्याला पोटाशी धरावंसं वाटलं होतं. पण माणसं येतच राहिली, आणि सांगता सांगता त्या सांगण्याला आकार आला. आता त्याला सुरुवात होती: शनिवारची दुपार, बाबांची चक्कर, 'स्टेपनी कुठंय'. इथे लोक डोळे पुसत हसायचे. "काय पण माणूस," म्हणायचे. मग पुरुष विचारायचे, "कुठली गाडी?" आणि तेजस सांगायचा. "हिला खरंच स्टेपनी नसते?" एकानं तर विचारलं, मायलेज काय देते. जाताना ते 'येतो' म्हणायचे नाहीत, रीतीप्रमाणे, पण खाली जाऊन गाडीजवळ थांबायचे. गॅलरीतून मला त्यांची टक्कलं दिसायची, वाकून चाकाकडे बघणारी. बाबांच्या फोटोकडे इतका वेळ कोणी पाहिलं नव्हतं.

तेही मी सहन केलं असतं. माणसं मरणाकडे सरळ बघत नाहीत, त्यांना बघायला काहीतरी लागतं. पण नारायण पेठेतल्या आईच्या एका मावसबहिणीनं विचारलं, "आणि रस्त्यात कोणी थांबलं नाही रे?" मी तेजसकडे बघत होते. तो म्हणाला, "आजकाल कोण थांबतं, मावशी?" त्यानं 'नाही' म्हटलं नव्हतं, एक प्रश्न केला होता. मावशींनी तो उचलला. "माणुसकीच राहिली नाही हो," त्या म्हणाल्या, आणि सतरंजीवरच्या सगळ्यांनी सुस्कारा टाकला. त्या सुस्काऱ्यात केवढं समाधान होतं! पुढच्या वेळी तेजस स्वतःच म्हणाला, "कोणी थांबलं नाही." त्याच्या पुढच्या वेळी त्यानं हात हलवून दाखवला, गाड्या कशा सूं करून बाजूनं जात होत्या ते. मी मुलींना इतिहास शिकवते. खोटी साक्ष साक्षीदार एकटा रचत नाही, ऐकणारे त्याला एकेक वाक्य आणून देतात, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल. आपल्याच घराच्या सतरंजीवर ते घडताना बघायचं, आणि ताटलीतली खडीसाखर पुढे करायची, ही गोष्ट निराळी.

कारण एक माणूस थांबला होता.

लोणीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. कापलेल्या सळईचं टोक डांबरातून वर आलेलं, ते तेजसला दिसलं नाही. धप्प आवाज झाला, मग ओलं कापड झटकल्यासारखी फडफड. टायरची बाजूच चिरली होती. तेजसनं फोमची बाटली आत रिकामी केली, आणि तो फोम उतू गेलेल्या दुधासारखा चिरेतून बाहेर आला. बाबा कमरेवर हात ठेवून बघत होते. "बोलाव आता तुझ्या लोकांना," ते म्हणाले, खुशीत. रस्त्यापलीकडे पांढऱ्या अक्षरांत 'पंक्चर' लिहिलेला टायर लटकत होता, पण असल्या गाडीला साधा जॅक लावला तर तळ दबतो म्हणून तेजस तिकडे गेला नाही. फोनवरची बाई अतिशय अदबीनं बोलत होती, त्यानं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता म्हणून मलाही ऐकू येत होतं. तुमचं वाहन आम्हाला सर्वांत महत्त्वाचं आहे, अशा अर्थाचं काहीतरी ती इंग्रजीत परत परत म्हणत होती. ऊन चढलं तसे बाबा गाडीत जाऊन बसले. चपला काढल्या. मग डावा खांदा चोळायला लागले. "कालच्या शेंगा बाधल्या बहुतेक," म्हणाले. मी ओढणीनं त्यांचं कपाळ पुसलं. एवढ्या उन्हात तो घाम गार होता. मी तेजसला सांगितलं. "निघालेत ते लोक," तो म्हणाला, "आलेच."

तेवढ्यात एक टेम्पो आमच्या बाजूनं पुढे गेला, थांबला, आणि मागे येऊ लागला. मागे कोबी भरलेला, वर जाळी. ड्रायव्हर उतरला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टॉवेल. गाडीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. "म्हातारबाबांना बरं नाय का?" त्यानं विचारलं. "टायर फाटलाय," तेजस म्हणाला. "त्ये ऱ्हाऊ द्या वो. ह्यांचं त्वांड बघा की. पुढं जागा हाय, टेम्पो वळवून हडपसरला सोडतो. मोठा दवाखाना हाय तिथं." हे बाबांनी ऐकलं. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. पाय चपला शोधायला लागले. आधी उजवा, मग डावा. त्या गाडीतून उठणं म्हणजे जमिनीवरून उठणंच. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि उठले. "चल नमू," म्हणाले, "जाऊ यांच्याबरोबर." तेजस पुढे झाला. "बाबा, थांबा हो. त्या टेम्पोत कुठे हादरे खात जाताय? ते लोक पोचतच आलेत. आत एसी आहे, पडून राहा." मी म्हटलं, "जाऊ दे त्यांना तेजस, मी जाते बरोबर." तो म्हणाला, "ताई, प्लीज, पॅनिक करू नकोस." आणि त्या माणसाला म्हणाला, "थँक यू, आमची गाडी येतेय." तो माणूस थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग मला म्हणाला, "बघा ताई." बाबा दाराला धरून उभे होते. मुलाच्या तोंडाकडे बघितलं त्यांनी, आणि "तू म्हणतोस तर," म्हणून खाली बसले. चपला पायातच राहिल्या. टेम्पो गेला. ते लोक खूप उशिरा आले, आणि शेवटी बाबा हादरे खातच गेले, गाड्या उचलणाऱ्या त्या ट्रकच्या केबिनमध्ये, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. हडपसरच्या जवळपास माझ्या मांडीवरचं ओझं बदललं. ट्रक मग परत जाऊन गाडी घेऊन आला.

तेजसला माणसापेक्षा गाडी मोठी वाटली, असं मी कधीच म्हणणार नाही. तो खोटेपणा होईल. त्याला खरोखर वाटत होतं की फोन केला म्हणजे माणूस येतो. तो ज्या जगात मोठा झाला तिथे येतो. अडलेल्या गोष्टीसाठी एक नंबर असतो, नंबरापलीकडे आवाज असतो, आणि आवाज म्हणतो ते होतं. बाबांनी स्कूटरसाठी नाव नोंदवलं होतं आणि कित्येक वर्षं वाट बघितली होती. स्कूटर आली तेव्हा मी पहिलीत गेले होते. तेजसला कशाचीच वाट बघावी लागली नाही. वाट बघताना काय करायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि बाबांना ते इतकं ठाऊक होतं की ते मुकाट्यानं खाली बसले. त्याची चूक झाली. ती माझीही झाली असती. चुकीचा राग मला येत नाही, निदान जेवताना आणि केस विंचरताना तरी येत नाही. पण ज्याची चूक झाली नाही, जो पुढे गेलेला टेम्पो मागे घेऊन आला, तो माणूस आमच्या घरातून पुसून टाकला गेला, आणि त्याच्या जागी आम्ही माणुसकी नसलेला एक अख्खा रस्ता उभा केला. याचा मला इतका संताप येतो, की सतरंजीवर बसल्या बसल्या तळहात जळजळतात.

तेही कोणाच्या घरात? बाबा रस्त्यात उभी असलेली एकही स्कूटर सोडून पुढे जात नसत. "काय हो, काय झालं?" हे त्यांचं ठरलेलं. दर रविवारी ते स्टेपनी अंगठ्यानं दाबून बघत, आणि तिच्यात हवा भरून घेत ती बहुतेक वेळा दुसऱ्यांसाठीच. एकदा कात्रजच्या घाटात एका अनोळखी जोडप्याला त्यांनी आमची स्टेपनी लावून दिली आणि पत्तासुद्धा विचारला नाही. चाक बदलताना नट धरायचं काम माझ्याकडे असे. मी फ्रॉकचा ओचा पुढे धरायची, आणि ते एकेक नट त्यात टाकायचे, उन्हानं तापलेले, ग्रीसचा वास येणारे. फ्रॉक खराब झाला की आई चिडायची. "तुमच्या बाबांना स्वतःच्या लग्नालाही उशीर झाला असता, वाटेत कोणाचं पंक्चर दिसलं असतं तर." असं म्हणणारी माझी आई आता बोलायला लागली होती. पहिले दिवस ती नुसती भिंतीला टेकून असायची. मग तेजसचं सांगणं संपलं की ती एक वाक्य बोलायला लागली, दर वेळी तेच, हलक्या आवाजात: "माझा माणूस जन्मभर लोकांसाठी थांबला, त्याच्यासाठी एकही थांबला नाही." लोक मान खाली घालायचे. एरवीही, भाजी निवडता निवडता, फोटोपुढची फुलं काढता काढता ती ते म्हणायची. एकदा मला म्हणाली, "ते फसले गं. जग चांगलं आहे असं समजून जगले." मी मेथीच्या काड्या मोडत होते. तोंड उघडलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात तेजस पाण्याचा ग्लास घेऊन उभा असलेला दिसला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मी मेथी मोडत राहिले. दोघांपैकी एकाला वाचवायचं असं मनात धरून मी गप्प बसले होते, आणि बाबा त्या हिशोबात धरलेच नव्हते.

तेराव्याच्या आदल्या दिवशी टायर आले. तेजस रोज त्यासाठी फोन करत होता. विधी संपवून ओल्या धोतरात बाहेर आला की आधी फोन. फाटलेला टायर दुरुस्त करत नाहीत, बाजू चिरली की टाकूनच देतात, आणि नवे बाहेरून मागवावे लागतात. खाली ठेवले तर चोरीला जातील, जबाबदारी घेणार नाही, असं वॉचमननं सांगितलं, म्हणून तेजसनं ते वर आणले आणि हॉलमध्ये, बाबांच्या फोटोच्या बाजूच्या कोपऱ्यात उभे केले. दोन होते. रुंद, काळे, अंगावर रबराचे बारीक बारीक केस. "दोन कशाला?" आईनं विचारलं. "एकच फाटला ना?" "जोडीनं बदलावे लागतात, आई. एक नवा, एक झिजलेला, असं चालत नाही. गाडी एका बाजूला ओढते." आई त्या टायरांकडे बघत राहिली. मग पदर सारखा करून आत गेली. तेजसच्या लक्षातही आलं नाही. उदबत्तीच्या वासावर कोऱ्या रबराचा वास बसला. सबंध घराला तो वास यायला लागला, समईच्या वातीला, माझ्या उशीला.

त्याच संध्याकाळी श्यामसुंदरकाका आले. बाबांचे पाटबंधारे खात्यातले मित्र, नारायण पेठेत राहणारे, वर्षानुवर्षं बाबांच्या स्कूटरवर मागे बसून ऑफिसला गेलेले. गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारल्यामुळे त्यांना आधी येता आलं नव्हतं. सतरंजीवर बसता येईना म्हणून त्यांना खुर्ची दिली. त्यांनी फोटोकडे पाहिलं, हात जोडले. मग कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "हे काय? दुकान काढलंय का?" तेजस ओशाळून हसला. "गाडीचे आहेत, काका." "बरं. यज्ञेश्वरच्या शेजारी बसवलेत, चांगलं केलंस. त्याला सोबत आवडायची." मग त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

तेजस सांगायला लागला. शनिवारची दुपार, चक्कर, स्टेपनी. काका हसले नाहीत. मी भिंतीशी बसले होते, आई दारात. लोणी आलं, सळई आली, फोम आला. बाबा चपला काढून आरामात पाय पसरून पडले होते, एसी चालू होता, असं तेजस म्हणाला. दारामागे कोनाड्यात बाबांच्या चपला होत्या. हॉस्पिटलातल्या नर्सनं त्या त्यांच्या पायातून काढून माझ्या हातात दिल्या होत्या, आणि मी त्या छातीशी धरून बाकावर बसले होते. तेजस बोलत होता. त्याचा हात वर उठला, सूं करून गेला. "कोणी थांबलं नाही, काका. एकसुद्धा नाही."

"त्या रस्त्याला?" काका म्हणाले. "आश्चर्य आहे." ते खुर्चीत पुढे सरकले, काठीवर दोन्ही हात ठेवले. "मी त्याच्या मागे बसून इतकी वर्षं हिंडलो. दर चार दिवसांनी लेटमार्क. साहेब म्हणायचे, आज कोणाचं पंक्चर? मी चिडायचो त्याच्यावर. तो म्हणायचा, श्याम, आपलं झालं म्हणजे कोणीतरी थांबेल की." काकांनी फोटोकडे पाहिलं. "त्या रस्त्यानं तो स्वतः जात असता तर थांबला असता."

"माझा माणूस जन्मभर लोकांसाठी थांबला," आईनं दारातून सुरू केलं, "त्याच्यासाठी एकही—"

"थांबला होता," मी म्हणाले.

माझा आवाज मला वर्गातल्यासारखा वाटला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. तेजसनं माझ्याकडे पाहिलं नाही. तो त्या टायरांकडे बघत होता. "ताई," तो म्हणाला, अगदी हळू. लहानपणी अंधारात हाक मारायचा तसं. मी उठले, दारामागच्या कोनाड्यातून बाबांच्या चपला काढल्या आणि आईच्या पुढ्यात नेऊन ठेवल्या.

"टेम्पो थांबला होता, आई. कोबीचा. पुढे गेला होता, तो मागे घेऊन आला. त्या माणसानं गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, बाबांकडे बघितलं. म्हणाला, पुढं जागा हाय, सोडतो. ते फसले नाहीत, आई. आम्ही जाऊ दिलं नाही त्यांना. बाबांनी या चपला घातल्या होत्या. माझा हात धरून उठले होते ते, जायला."